अंतर्मुखाचा लोकसंग्रह

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूर येथें श्रीभवानीची मूर्ति वर्षांतून तीन वेळां सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजविण्यांत येते. शारदीय नवरात्रापूर्वींची घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर आश्विनी पौर्णिमेपर्यंतची श्रमनिद्रा आणि पौषांत शाकंभरी नवरात्राच्या आधींची मोहनिद्रा. असंख्य भक्तांस सामोरें जाणाऱ्या देवतेलाहि श्रम होतात, ही कल्पना मोठी मार्मिक आहे. त्या निद्रेचा कोणास राग येत नाहीं. कारण देवी केव्हां निजणार व केव्हां उठणार, हें पंचांग पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें.

संसारांतील अंतर्मुख मनुष्याची अडचण नेमकी येथेंच होते. स्विस मानसशास्त्रज्ञ युंग यांनीं १९२१ सालीं अंतर्मुख व बहिर्मुख असे जे स्वभावभेद मांडले, त्यांत अंतर्मुखाची मानसिक शक्ति बाह्य विषयांपेक्षां स्वतःच्या अंतरंगाकडे वळलेली असते. लाजाळूपणा निराळा. लाजाळूस लोकांची भीति वाटते. अंतर्मुखास लोक आवडूनहि गर्दीचा शीण येतो. भिडेस्तव तो प्रत्येक लग्नमुंजीस जातो, पंगत उठेपर्यंत बसतो, आणि एके दिवशीं इतका थकतो कीं आलेल्या पत्रांस उत्तरेंहि धाडीत नाहीं. आप्तांस तो गर्विष्ठ वाटूं लागतो. वाटणारच, त्याचें मौन कशासाठीं व किती दिवसांचें, हें त्यांस कोणीं सांगितलेलेंच नसतें.

धारवाडचे कथाकार जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनीं आपल्यापुरती वाट काढली होती. सभासंमेलनें त्यांनीं कटाक्षानें टाळलीं, पण पत्रें भरभरून लिहिलीं. सुनीता देशपांडे यांस लिहिलेल्या पत्रांचाच एक स्वतंत्र खंड निघाला. पत्रांत एका वेळीं एकाच माणसाशीं बोलावयाचें असतें, आणि उत्तराची घटका आपली आपण निवडतां येते.

ज्यास लेखनाची हौस नाहीं, त्यानें मांडवांत दिवसभर अवघडून बसण्यापेक्षां आदल्या दिवशीं लग्नघरीं जाऊन मनमोकळें बोलून यावें. घरींहि सायंकाळचा एक तास मागून घ्यावा, आणि तास संपतांच आपण होऊन माजघरांत येऊन बसावें. हा दुसरा भाग पुष्कळजण विसरतात. एकत्र कुटुंबांतील सुनेस असें मागणें जड जातें. तेथें तिच्या पतीनेंच पुढें होऊन वडीलमाणसांस सांगावें, हें बरें. आजारपण व मृत्यु या प्रसंगीं मात्र शिणाचा हिशेब बाजूस ठेवून जावेंच लागतें. दुसऱ्या दिवसाचीं कामें तेवढीं आधींच हलकीं करून ठेवावीं.