अंगावरचे दूध आणि लांबणारा पाळणा

‘मूल अंगावर पिते आहे, तोवर दिवस राहत नाहीत’, हे वाक्य बाळंतिणीला आजही घरोघरी ऐकायला मिळते. तो निव्वळ गैरसमज नाही. घोटाळा आहे तो ‘तोवर’ या शब्दात.

बाळ स्तन चोखू लागले, की तेथून आईच्या मेंदूकडे संदेश जातात. दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन वाढते आणि बीजांडकोशाला चालना देणाऱ्या संप्रेरकांची लय मंदावते. बीजांड पक्व होत नाही, पाळी येत नाही. मात्र हे घडते ते वारंवार चोखण्यामुळे. आफ्रिकेतील कलहारी वाळवंटातल्या कुंग स्त्रियांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. मूल सतत अंगाशी बाळगणाऱ्या या माता तासातून अनेकदा, पण मिनिट-दोन मिनिटेच पाजत. त्यांच्या दोन बाळंतपणांत सुमारे ४४ महिन्यांचे अंतर आढळले.

शहरातील आईचे तसे नसते. १९८८ मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी या संरक्षणाचे प्रमाण ९८ टक्के सांगितले, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतील हवे, ते जवळजवळ पूर्णपणे अंगावरच पिणारे हवे आणि आईची पाळी सुरू झालेली नको (पहिल्या दोन महिन्यांतील रक्तस्राव पाळीत धरत नाहीत). एक अट मोडली, की भरवसा संपला. दोन पाजण्यांत दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून अधिक खंड नसावा. त्यामुळे बाळ रात्रभर शांत झोपू लागले, की घरच्यांना हायसे वाटते खरे. संरक्षण मात्र तिथेच ढिले पडते. वरच्या दुधाच्या बाटलीचेही तेच. पंपाने काढून ठेवलेले दूध बाळाला पोसते, पण बीजांडकोशाला रोखण्यास तेवढे उपयोगी पडत नाही. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळते, परंतु त्यातील काही आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडले, तर सहा महिन्यांपूर्वीच कामावर परतावे लागते.

‘पाळी आली की बघू’ हा विचार सर्वांत धोक्याचा. बीजांड आधी सुटते, पाळी त्यानंतर येते. त्यामुळे एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात, आणि पाळी आलेलीच नसल्याने ते लवकर ध्यानातही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटना पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर सुचवते. त्यासाठी निरोध आहे, प्रसूतीनंतर लगेच बसवता येणारी तांबी आहे, सरकारी केंद्रांत मोफत मिळणारी ‘छाया’ गोळी आहे आणि सहा आठवड्यांनंतर ‘अंतरा’ इंजेक्शनही घेता येते. नेहमीची इस्ट्रोजेनयुक्त गोळी मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने टाळावी, असे डॉक्टर सांगतात.