लाकूड आधी सैल होते, मग कुजते

बुरशी सेल्युलेज नावाचे विकर सोडते, ते लाकडातल्या सेल्युलोजची साखर करते आणि बुरशी ती साखर शोषून घेते. लाकूड कुजण्याचे हे नेहमीचे स्पष्टीकरण चूक नाही, पण त्यात अवघड भागच गळला आहे. भाकरीतला स्टार्च आणि लाकडातले सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजचीच बनलेली असतात. मात्र सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की विकराला पकडायला टोकच सापडत नाही. दोरखंडाचा पीळ सुटल्याशिवाय एकेक धागा हाती लागत नाही, तसेच हे. बुरशीचे खरे कसब तोडण्यापेक्षा सैल करण्यात आहे, असे माझे म्हणणे आहे.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकच्या दमट हवेत अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्यामागचे कारण शोधताना सॉलोमन बेटांवरची एक बुरशी हाती आली. तिला पुढे संशोधक एल्विन रीझ यांच्यावरून ट्रायकोडर्मा रीझाय असे नाव मिळाले आणि आज सेल्युलेजचा उद्योग मुख्यतः तिच्याच वंशजांवर चालतो. पाण्यात विरघळणारे, बदललेले सेल्युलोज पचवणारे पुष्कळ सूक्ष्मजीव कापसापुढे हात टेकतात, हे रीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले होते. कापसात तर लाकडाला कणखर करणारे लिग्निनही नसते, म्हणजे अडथळा सेल्युलोजच्या रचनेतच होता. आधी कुणीतरी ही रचना सैल करत असावे आणि मग दुसरे विकर ती तोडत असावे, असे त्यांनी 1950 साली मांडले. यावरचा आक्षेप मात्र वजनदार होता. काही विकरे साखळी मधेच तोडतात, काही टोकाकडून सोलत जातात आणि ही जोडी मिळून कापूसही पचवते. मग वेगळा ‘सैल करणारा’ हवाच कशाला? या आक्षेपापुढे जुनी कल्पना बरीच मागे पडली. पण 2010 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी कीटकांच्या कवचात असणाऱ्या कायटिनच्या स्फटिकाला ऑक्सिडीकरणाने चिरा पाडणारे विकर दाखवले. सेल्युलोजवर हेच काम करणारी, तांबे बाळगणारी विकरे लगोलग बुरशींतही सापडली. रीझ यांचा तपशील चुकला असेल, रोख बरोबर होता.

तपकिरी कूज घडवणाऱ्या बुरशा तर याहून पुढच्या. त्यांनी पोखरलेली तुळई चौकोनी भेगा पडून बोटांत चुरडली जाते, कारण सेल्युलोज जाऊन उरलेले असते ते बहुतेक लिग्निन. धडधाकट लाकडाच्या पेशीभिंतीतली छिद्रे इतकी बारीक असतात की विकराचा रेणू आत शिरूच शकत नाही. म्हणून या बुरशा लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून अतिशय विध्वंसक, चिमुकले मूलक तयार करतात. लाकडाचे वजन जेमतेम घटलेले असतानाच त्याची ताकद निघून जाते, ती यामुळेच. यातल्या अनेकींनी साखळी टोकाकडून सोलणारी विकरे उत्क्रांतीत चक्क टाकून दिली आहेत आणि तरीही घरांच्या लाकूडकामाचे मोठे नुकसान त्याच करतात.

पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या, पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावर उभ्या असलेल्या कारखान्याचे 2022 साली उद्घाटन झाले. तिथेही पेंढ्यावर आधी वेगळी प्रक्रिया करून त्याची वीण सैल केली जाते आणि विकरांची पाळी त्यानंतर येते. अशा कारखान्यांत खर्चाची मोठी बाब ही पहिली पायरीच असते.