डांबरगोळी आणि चुलीचा धूर

फुलसावंगीच्या आमच्या घरात एक लोखंडी ट्रंक होती. ती उघडली की डांबरगोळ्यांचा वास दरवळायचा. आजीची ठेवणीतली लुगडी, आजोबांचा कोट, सगळ्यांना तोच वास. स्वयंपाकघरातला वास मात्र वेगळा. आजी पऱ्हाटी मोडून चुलीत सारायची, फुंकणीनं फुंकायची आणि पदरानं डोळे पुसायची. आम्ही खोकलो तर म्हणायची, "चुलीपुढं बसलं की धूर लागणारच, बापा!"

या दोन वासांचं जवळचं नातं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

त्या काळची डांबरगोळी म्हणजे नॅप्थॅलीन. ते दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात. त्याच्या रेणूत कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात. कोळसा, लाकूड, पऱ्हाटी, डिझेल, काहीही अर्धवट जळलं की अशाच दोन, तीन, चार, पाच कड्यांचे पदार्थ धुरात तयार होतात. त्यांतला पाच कड्यांचा बेन्झो-ए-पायरीन सर्वांत बदनाम. काजळीच्या कणाला चिकटून तो फुप्फुसात उतरतो. त्यानं कर्करोग होतो, हे आता निर्विवाद आहे.

पण हा गुन्हेगार सापडायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचं मूळ काजळीत आहे, हे लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये सांगितलं. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळून तो रोग घडवून दाखवला. पण डांबरात तर शेकडो पदार्थ! नेमका कोणता? हे पदार्थ अतिनील प्रकाशात चमकतात. त्या चमकेचा माग काढत लंडनच्या संशोधकांनी दोन टन डांबरातून १९३३ मध्ये बेन्झो-ए-पायरीन वेगळा केला.

आज हे काम कसं होतं? पंपानं चोवीस तास हवा ओढून ती एका गाळणकागदातून सोडतात. कागदावर बसलेली धूळ द्रावकात धुतात, द्रावण आटवून थोडंसं उरवतात आणि वायूबरोबर केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब नळीतून पाठवतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि ओळखला जातो. भारतानं २००९ मध्ये या पदार्थाची मर्यादा ठरवली: वर्षाच्या सरासरीनं घनमीटर हवेत १ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. दिवसभरात पंधराशे घनमीटर हवा ओढली, तरी कागदावर येणार ते मिठाच्या एका कणाहून कितीतरी कमी!

आमच्याच जिल्ह्यात वणीकडं कोळशाच्या खाणी आहेत. पलीकडं चंद्रपूरला औष्णिक केंद्राच्या उंच चिमण्या. धूर म्हटलं की आपलं बोट तिकडं जातं. राख आणि गंधकाच्या वायूंसाठी ते जायलाही हवं. पण मोठ्या बॉयलरच्या प्रखर आचेत कोळसा जवळजवळ पूर्ण जळतो. किलोमागं हिशेब केला, तर हे कड्यांचे पदार्थ जास्त निघतात ते जिथं जाळ धुमसतो तिथं. म्हणजे वीटभट्टीत, हॉटेलच्या भट्टीत आणि आपल्या चुलीत.

म्हणून चिमणीतून निघणारा धूर काळा आहे की पांढरा, एवढं पाहून भागत नाही. धूळ किती, हे मोजून अर्धंच काम होतं. त्या धुळीला काय चिकटलं आहे, हेही विचारायला हवं. कारखान्याला विचारायला हवं, तसंच स्वतःच्या घरालाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस खेड्यांत पोचला. पण सिलिंडर संपला की चूल पुन्हा पेटतेच. आणि हवा मोजणारं यंत्र मी आजवर कुणाच्या स्वयंपाकघरात पाहिलेलं नाही.

आजीचं आयुष्य त्या धुरापुढं गेलं. तिचा खोकला आम्ही म्हातारपणाच्या खात्यावर टाकला. तिला कशाचा त्रास होता, ते आता कळायचा मार्ग नाही. पण आज जी सून किंवा लेक चुलीपुढं बसली आहे, तिला "धूर लागणारच" असं सांगून आपल्याला मोकळं होता येणार नाही.