सरहद्दीवरच्या पूर्वजाचा माग

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर जाऊन वसलेल्या पूर्वजाचा शोध पुष्कळदा घरच्या बायबलपासून सुरू होतो. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी त्यातल्या कोऱ्या पानांवर हाताने केलेल्या असत. तारखांच्या आधी शाई पाहावी. साऱ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या असतील तर त्या मागाहून, आठवून लिहिलेल्या असण्याचा संभव मोठा. बायबलच्या छपाईचे साल पहिल्या नोंदीनंतरचे असेल, तर शंकाच नको.

जनगणनेत १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८९० ची बहुतेक पाने तर १९२१ च्या आगीमुळे हातची गेली.

खरे घबाड म्हणजे १८६२ च्या होमस्टेड कायद्याखालची फाइल. मूळ रहिवाशांना हुसकावून मोकळ्या केलेल्या जमिनीतली १६० एकरांपर्यंत जमीन मिळे, पण साधारणपणे पाच वर्षे तिथे राहून, ती कसून दाखवल्यावर. घर केवढे, किती एकर नांगरली, घरात माणसे किती, मधे कुठे गेला होता का, हे सगळे जबानीत येते. बाहेरदेशचा असेल तर नागरिकत्वाचे कागदही जोडलेले सापडतात. दोन साक्षीदारांची नावे आवर्जून टिपून घ्यावीत. शेजारी म्हणून सही करणारा कधीकधी बायकोचा भाऊ निघतो, आणि तिचे माहेर तिथेच सापडते.