दीर्घिकांची टक्कर : वर्गातील एक दुरुस्ती

सुमारे ४०० कोटी वर्षांनी आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका एकमेकींवर आदळतील, असे आम्ही शिक्षक गेली अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. २०१२ साली हबल अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांवरून शास्त्रज्ञांनी तसा निष्कर्ष जाहीर केला होता. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या पाठात दुरुस्ती करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम 'टक्कर' या शब्दाविषयी. सूर्य हरभऱ्याएवढा मानून कोल्हापुरात ठेवला, तर त्याला सर्वांत जवळचा तारा जवळपास पुण्यात येईल. एवढ्या अंतरामुळे दीर्घिका एकमेकींत शिरल्या, तरी त्यांतील तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत. आदळतात ते वायूचे मेघ. ते दाबले जाऊन नवे तारे जन्मास येतात आणि गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने कालांतराने दोन दीर्घिकांची एक होते.

या तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश बराचसा वातावरणातच अडतो, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर अशी दुर्बीण आहे. विलीनीकरणातून घडलेल्या एनजीसी ७२५२ या दीर्घिकेच्या मध्याभोवती तिला तरुण ताऱ्यांचे कडे दिसले. या उपग्रहाच्या उभारणीत पुण्याच्या 'आयुका'चाही वाटा आहे. तिचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

आता दुरुस्ती. हबल आणि युरोपची गाया या दुर्बिणींच्या नव्या मोजमापांवरून २०२५ साली पुन्हा गणित मांडले गेले. शेजारच्या मोठ्या मॅगेलनी मेघाची ओढही त्यात धरली, तेव्हा पुढील १००० कोटी वर्षांत ही टक्कर होण्याची शक्यता जवळपास निम्मीच उरली. २०१२ चे शास्त्रज्ञ निष्काळजी नव्हते. मोजमापे सुधारली आणि त्यांनुसार निष्कर्ष बदलला. विज्ञानात असे बदलणे कमीपणाचे मानले जात नाही.

सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका कार्तिकातल्या निरभ्र, काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनीही फिकट डागासारखी दिसते. माजी विद्यार्थ्यांनी ती आपल्या मुलांना जरूर दाखवावी आणि जुन्या वहीत 'आदळतील' असे लिहिले असेल, तेथे 'आदळण्याची शक्यता आहे' अशी दुरुस्ती करावी, ही विनंती.