हिमपक्ष्यांचे फिरते घर आणि ‘थंड’ टायर

उत्तर अमेरिकेत हिवाळा आला की पक्ष्यांप्रमाणे काही माणसेही दक्षिणेकडे निघतात. कॅनडातील आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतील ही मंडळी मोटारीमागे चाकांवरचे घर, म्हणजे ट्रेलर, जोडतात आणि फ्लॉरिडा, टेक्सास, ॲरिझोना अशा उबदार राज्यांत काही महिने मुक्काम करतात. त्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ. तिकडे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी असेच म्हणतात.

मिनिआपोलिसहून ॲरिझोनातील फीनिक्सला जायचे, तर रस्त्याने अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर पडते. जानेवारीत निघताना तापमान उणे 10 अंश सेल्सिअस आणि पोहोचताना दुपारी 20 अंश, यात नवल नाही. वाटेत टायर फुटला, तर मागचे जड घर हेलकावे खाऊ लागते आणि पुढची मोटारही आवरेनाशी होते. हे टाळायला जे विज्ञान लागते, ते आपण शाळेत शिकवतो तेच आहे.

टायर कशाने तापतो?

एक मऊ तार घेऊन एकाच जागी सात-आठ वेळा भराभर वाकवा आणि तिथे हलकेच बोट लावून पाहा. तार तापलेली असते. वाकवताना खर्च केलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होतो. रबराची जातकुळी वेगळी, पण ते दाबून सोडल्यावरही सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने आतच राहतो.

टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि वर गेल्यावर पुन्हा गोल होतो. 70 सेंटिमीटर व्यासाचे चाक 100 किलोमीटरमध्ये सुमारे 45 हजार वेळा फिरते, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग तितक्या वेळा वाकतो. हवा कमी असेल तर तो जास्त वाकतो आणि जास्त तापतो. उष्णतेने रबर आणि त्यातील धागे व तारा यांची पकड सैल होते आणि शेवटी टायरच्या चिंध्या होतात. म्हणजे अनेकदा टायर फुटतो तो हवा जास्त झाल्याने नव्हे, तर कमी पडल्याने.

न गळता कमी होणारी हवा

आपल्याकडे पंक्चरवाल्याला आपण ‘तीस पौंड हवा भर’ असे सांगतो. हे पौंड म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब. समजा, ट्रेलरच्या टायरला 65 पौंड हवा हवी आहे आणि ती सप्टेंबरात 20 अंश तापमानाला भरली. जानेवारीत निघताना तिचा दाब किती असेल?

दाबमापक फक्त वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो, म्हणून त्यात वातावरणाचे सुमारे 15 पौंड मिळवायचे. एकूण 80 झाले. तापमान केल्विनमध्ये घ्यायचे: 20 अंश म्हणजे 293 आणि उणे 10 म्हणजे 263. टायरचे आकारमान जवळपास तेवढेच राहते, म्हणून 80 ला 263 ने गुणून 293 ने भागू. उत्तर सुमारे 72. त्यातून 15 वजा केले की मापकावर 57 दिसतील. हवेचा एक कणही बाहेर गेला नाही, तरी आठ पौंड कमी! म्हणून निघायच्या दिवशी पुन्हा हवा तपासायची.

‘थंड’ म्हणजे काय?

आता उणे 10 ला बरोबर 65 पौंड भरून निघालो असे धरू. वाटेत थांबून पाहिले तर मापकावर 74 दिसले. नऊ पौंड सोडून द्यावेत का? मुळीच नाही. टायर धावून तापला आहे. ही वाढ लक्षात घेऊनच उत्पादक दाब ठरवतात, आणि तो असतो ‘थंड’ टायरसाठी. आता हवा सोडली, तर तीच कमी पडेल, टायर जास्त वाकेल, जास्त तापेल.

मात्र फीनिक्सला रात्रभर ट्रेलर उभा होता आणि 20 अंश तापमानात, सावलीत, मापकावर तेच 74 दिसले, तर? 80 ला 293 ने गुणून 263 ने भागले तरी सुमारे 89 येतात, म्हणजे मापकावर 74. आता हवा सोडून 65 करणे योग्य. ‘थंड’ याचा अर्थ गारठलेला नव्हे. तीन तास तरी न धावलेला आणि उन्हात न तापलेला टायर. आकडा एकच, अर्थ दोन. वसंतात परत उत्तरेला जाताना हाच हिशेब उलटा होतो आणि हवा भरावी लागते.

ट्रेलरची आणखी एक अडचण आहे. मागचे चाक बसले तरी ते पुढच्या चालकाला चटकन जाणवत नाही. अमेरिकेत सप्टेंबर 2007 पासून बनलेल्या सर्व हलक्या मोटारींना हवा कमी झाल्याची सूचना देणारे यंत्र सक्तीचे आहे. ट्रेलरला ती सक्ती नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर उतरून चाके पाहणे आलेच. एखादा टायर शेजारच्यापेक्षा फार गरम लागला, तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक घासतो आहे, असा संशय घ्यावा.

नक्षी शाबूत असलेला टायरही म्हातारा होतो. ऊन आणि ओझोन यांनी रबराला भेगा पडतात, आणि ट्रेलर तर महिनोन्‌महिने उभाच असतो. टायरवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्याचा जन्म सांगतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा.

वर्गासाठी एक गणित: नागपुरात डिसेंबरच्या पहाटे 10 अंश तापमानाला स्कूटरमध्ये 30 पौंड हवा भरली. मे महिन्यात 45 अंशांना, हवा गळाली नाही असे धरून, मापक काय दाखवील? आमचे उत्तर साडेपस्तीसच्या आसपास येते. विद्यार्थी 15 मिळवायला विसरले, तर किती येते तेही पाहावे.