व्यावसायिक फुटबॉलमधील करार, खेळाडूची मुक्तता आणि चाहत्यांचा वाद : एक विवेचन

प्रस्तावना :

फुटबॉलच्या चाहत्याचे आपल्या संघाशी असलेले नाते भावनेचे असते, तर खेळाडूचे त्याच संघाशी असलेले नाते कायद्याच्या दृष्टीने कराराचे असते. एरवी ही दोन नाती एकमेकांच्या आड येत नाहीत. मात्र एखादा नामवंत खेळाडू कराराची मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या क्लबकडे जाऊ पाहतो, तेव्हा त्यांच्यातील अंतर उघडे पडते. जाण्याचा बेत फसला आणि खेळाडूला त्याच संघात राहावे लागले, तर वाद अधिकच चिघळतो. एक पक्ष खेळाडूला बेइमान ठरवतो, तर दुसरा क्लबने त्याला अडकवून ठेवले असे म्हणतो.

प्रस्तुत लेखात २०२० मधील लिओनेल मेस्सी आणि बार्सिलोना, त्याच वर्षीचे एफ.सी. गोवा आणि मुंबई सिटी, तसेच २०२४ मधील अन्वर अली या तीन प्रकरणांच्या आधारे या वादाचे विवेचन केले आहे. चाहत्यांचा वाद निष्ठेच्या भाषेत चालत असला, तरी त्याचा निकाल कराराची मुदत, मुक्ततेची किंमत आणि करार मोडण्याचे कारण या तीन गोष्टींवर ठरतो, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

कराराची आंतरराष्ट्रीय चौकट :

पूर्वी युरोपात कराराची मुदत संपल्यानंतरही नवा क्लब जुन्या क्लबला रक्कम मोजत नाही तोवर खेळाडूला मोकळेपणाने जाता येत नसे. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोसमन याच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला आणि युरोपीय संघातील देशांपुरती ही पद्धत मोडीत काढली. मुदत संपलेला खेळाडू मुक्त झाला. परिणामी क्लबचा आर्थिक हक्क मुदतीच्या आतल्या काळापुरता उरला आणि दीर्घ मुदतीच्या करारांना महत्त्व आले.

फिफाच्या नियमांनुसार करार सामान्यतः जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो. करार पाळला गेला पाहिजे हे मूळ तत्त्व होय. योग्य कारण असल्यास तो मोडता येतो. किमान २ महिन्यांचे वेतन थकले आणि १५ दिवसांची लेखी सूचना देऊनही ते मिळाले नाही, तर खेळाडूला करार संपवण्याचा हक्क पोहोचतो. योग्य कारणाविना करार मोडल्यास भरपाई द्यावी लागते. वयाच्या २८ वर्षांपूर्वी सही केली असेल, तर पहिल्या ३ वर्षांच्या संरक्षित काळात असे केल्यास खेळण्यावर बंदीही येऊ शकते. शेवटच्या ६ महिन्यांत मात्र खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलणी करू शकतो.

मेस्सी प्रकरण : किंमत ठरलेली, मुदत वादग्रस्त

स्पेनमध्ये १९८५ च्या शासकीय हुकमाने व्यावसायिक खेळाडूला भरपाई देऊन करार एकतर्फी संपवण्याची मुभा दिली. त्यामुळे तेथील करारांत मुक्ततेची रक्कम आधीच लिहून ठेवण्याची प्रथा रूढ झाली. यालाच रिलीज क्लॉज किंवा मुक्तता-कलम म्हणतात. मेस्सीच्या २०१७ मधील करारात ही रक्कम ७० कोटी युरो होती आणि करार ३० जून २०२१ पर्यंत होता. याशिवाय हंगामाच्या अखेरीस विनामूल्य जाण्याची एक तरतूदही त्यात होती.

१४ ऑगस्ट २०२० रोजी बार्सिलोनाचा बायर्न म्युनिककडून २-८ असा पराभव झाला आणि त्यानंतर मेस्सीने क्लबला नोंदणीकृत पत्राद्वारे जाण्याचा इरादा कळवला. ही सूचना १० जूनपूर्वी यायला हवी होती, असे क्लबचे म्हणणे होते. महामारीमुळे हंगामच ऑगस्टपर्यंत लांबला असल्याने सूचनेची मुदतही लांबली, असे खेळाडूच्या बाजूचे म्हणणे होते. म्हणजे वादाचा मुद्दा एका तारखेचा अर्थ एवढाच होता. ती तारीख लिहिताना हंगाम नेहमीच्या वेळी संपेल असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते. स्पॅनिश लीगने क्लबची बाजू उचलून धरली. ४ सप्टेंबर रोजी मेस्सीने क्लबविरुद्ध न्यायालयात जाण्याऐवजी राहण्याचा निर्णय जाहीर केला.

जानेवारी २०२१ मध्ये एका स्पॅनिश वृत्तपत्राने त्याच्या कराराचे ४ हंगामांचे सुमारे ५५.५ कोटी युरोंचे आकडे छापले, तेव्हा त्याच्या वेतनाने क्लब बुडवला काय, या प्रश्नावर वाद पुन्हा पेटला. पुढे ३० जून २०२१ रोजी करार संपला. नवा करार लीगच्या आर्थिक नियमांत बसत नसल्याचे क्लबने ५ ऑगस्टला जाहीर केले. ज्या खेळाडूसाठी वर्षभरापूर्वी ७० कोटी युरोंचा आग्रह धरला गेला, तो मुदत संपल्यामुळे कोणतेही मुक्तता-मूल्य न देता पॅरिसला गेला.

गोवा ते मुंबई : किंमतही ठरलेली, मुदतही स्पष्ट

याच सुमारास भारतातही असाच प्रसंग घडत होता. एफ.सी. गोवा संघाने २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगमध्ये साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि त्या संघाचा ह्यूगो बुमूस हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना गोव्याने जानेवारी २०२० अखेरीसच पदावरून दूर केले होते. पुढे मुंबई सिटीने त्यांची नेमणूक केली. मोर्तादा फॉल, अहमद जाहू, मंदार राव देसाई हेही मुंबईकडे गेले. बुमूसचा गोव्याशी करार बाकी होता. मुक्तता-कलमाचा वापर करून तो बाहेर पडला.

गोव्याच्या चाहत्यांच्या दृष्टीने हा घाव खोल होता. २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम महामारीमुळे गोव्याच्याच मैदानांवर प्रेक्षकांविना झाला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टींवर हरवले आणि पुढे विजेतेपदही मिळवले. तथापि येथे न्यायालयीन लढा उभा राहिला नाही. करारातच बाहेर पडण्याचे दार व त्याचे मूल्य लिहिलेले असल्याने त्या दारातून जाणे हा करारभंग नव्हता, तर कराराचीच अंमलबजावणी होती.

अन्वर अली प्रकरण : किंमतही नाही, मुदतही वादग्रस्त

अन्वर अली २०१९ मध्ये मुंबई सिटीत असताना त्याला हृदयविकाराचे निदान झाले. खेळण्याच्या हक्कासाठी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. नंतर दिल्ली एफ.सी.कडून उसनवारीने, म्हणजे लोनवर, तो गोव्याकडे आणि २०२३ मध्ये मोहन बागानकडे गेला. बागानशी झालेला उसनवारीचा करार ४ वर्षांचा होता. जुलै २०२४ मध्ये तो संपवून त्याने ईस्ट बंगालशी ५ वर्षांचा करार केला. कोलकात्यातील या दोन क्लबांचे परंपरागत वैर पाहता चाहत्यांत रणकंदन माजणे स्वाभाविक होते.

फिफाने १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीची कमाल मुदत १ वर्ष केली आणि देशांतर्गत नियम त्यानुसार बदलण्यास राष्ट्रीय महासंघांना ३ वर्षे दिली. ४ वर्षांची उसनवारी नेमकी या संक्रमणकाळात सापडली. १० सप्टेंबर २०२४ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने खेळाडूला योग्य कारणाविना करार मोडल्याबद्दल दोषी ठरवले आणि ४ महिन्यांची बंदी, तसेच खेळाडू व दोन्ही क्लबांवर मिळून १२.९० कोटी रुपयांची भरपाई लादली. निर्णयाची कारणे देण्यात आली नसल्याने प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे अवघ्या ३ दिवसांत हा आदेश मागे घेतला गेला आणि प्रकरण फेरसुनावणीसाठी गेले. त्या हंगामात अन्वर ईस्ट बंगालकडूनच खेळला.

भारतीय कायद्याची भूमिका :

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल असतो. याचा अर्थ लावणारे दोन महत्त्वाचे निवाडे महाराष्ट्राशी निगडित आहेत. कल्याणजवळील रेयॉन कारखान्यातील निरंजन शंकर गोलिकरी यांनी १९६३ मध्ये ५ वर्षांचा करार केला. मुदतीआधीच ते दुसऱ्या रेयॉन कंपनीकडे गेले. मुदतीच्या आत प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची अट वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ठरवले. याउलट, क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणात २००६ मध्ये त्याच न्यायालयाने करार संपल्यानंतरही लागू राहणारी अट रद्दबातल ठरवली. थोडक्यात, मुदतीच्या आत बंधन आणि मुदतीनंतर मोकळीक.

न्यायालय कोणालाही वैयक्तिक कौशल्याचे काम करण्यास भाग पाडत नाही. ते फार तर अन्यत्र काम करण्यास मनाई करू शकते. त्यामुळे अडवलेला खेळाडू मनापासून खेळेलच, याची हमी कोणताही कायदा देत नाही. क्लबच्या हाती अखेर भरपाईच उरते. तिचा आकडा करारात नसेल तर तो ठरवण्यात वर्षे जातात आणि खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकीच असतात.

चाहत्यांच्या युक्तिवादांचे परीक्षण :

पहिला युक्तिवाद असा की, क्लबने घडवलेल्या खेळाडूने क्लब सोडू नये. प्रशिक्षणावरील खर्चाचा मुद्दा रास्त आहे. परंतु त्यासाठी फिफाच्या नियमांत प्रशिक्षण-भरपाईची स्वतंत्र तरतूद आहे. दुसरा युक्तिवाद असा की, नाखूश खेळाडूला सोडून द्यावे. तो मान्य केल्यास कराराला अर्थच उरत नाही आणि लहान क्लब प्रथम बळी पडतात. तिसरा युक्तिवाद असा की, सही केली म्हणजे ती पाळलीच पाहिजे. हा सर्वांत सबळ आहे. मात्र तो दोन्ही पक्षांना सारखाच लागू होतो. २०२५ मध्ये सुपर लीगचे भवितव्य अनिश्चित झाले, तेव्हा बेंगळुरू एफ.सी.सह काही क्लबांनी वेतन वा कामकाज स्थगित केले. खेळाडू जाऊ लागताच करार पवित्र मानणाऱ्याने वेतन थांबल्यावरही तो तितकाच पवित्र मानला पाहिजे.

समारोप :

वरील प्रकरणांवरून असे दिसते की, जेथे किंमत व मुदत दोन्ही स्पष्ट होती तेथे दुःख झाले, पण तंटा झाला नाही. जेथे एक तारीख संदिग्ध होती तेथे जगप्रसिद्ध खेळाडूलाही माघार घ्यावी लागली. जेथे दोन्ही संदिग्ध होत्या तेथे खेळाडू, क्लब आणि महासंघ तिघेही न्यायालयाच्या दारात उभे राहिले. मेस्सीपाशी निष्णात वकील होते. सामान्य घरातील खेळाडूपाशी ते नसतात.

नागपूरच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलने वस्तीवस्तीतील मुले मैदानावर आणली. कामठीची फुटबॉल परंपरा तर त्याहून जुनी आहे. यांपैकी एखाद्या मुलापुढे व्यावसायिक क्लबचा कागद येईल, तेव्हा त्याने सही करण्यापूर्वी मुदत किती, बाहेर पडण्याची किंमत किती आणि वेतन थकल्यास मार्ग कोणता, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ते त्याला शिकवण्याचे काम क्रीडा, विधी आणि वाणिज्य या विभागांतील अध्यापकांना एकत्रितपणे करता येण्यासारखे आहे. करारात हे तीन प्रश्न नीट सोडवलेले असतील, तर निष्ठेचा प्रश्न चाहत्यांच्या प्रेमाचा राहील. तो खेळाडूच्या उपजीविकेवर उठणार नाही.